आरोपीचं नाव नसलेली पुस्तकं

अंबडच्या कोर्टासमोरच्या रस्त्यानं मी एकदा भर दुपारी डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालत गेले आहे. पाण्याची टंचाई नव्हती. घरी नळ होता, दुकानात जार येत होता. माझ्या मागून सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ हातात वही घेऊन मोठमोठ्यानं मोजत येत होते. "एकशे चार, एकशे पाच... मान ताठ ठेव, बाई! ती काही इकडंतिकडं बघत चालत न्हवती." वकील मंडळी चहाचे ग्लास हातात धरून बाहेर येऊन उभी राहिली. एकानं विचारलं, "पिक्चरचं शूटिंग हे का?" हे गृहस्थ म्हणजे आमचे काका. त्यांनी मोजणी थांबवली नाही. मला म्हणाले, "त्याच्याकडं बघू नको, कदम चुकून राह्यले."

मी आधीच वैतागून म्हटलं होतं, की यातल्याच एखाद्या वकिलाला चालवा ना. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले होते, "वकिलाच्या डोक्यावर काही टिकत न्हाई."

कोर्टासमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं यात माझं आयुष्य चाललेलं होतं आणि माझी काही तक्रार नव्हती. काका आले आणि माझ्या कंप्युटरवर मेलेल्या बायका नांदायला लागल्या.

सगळं गाव त्यांना नाझरसाहेब म्हणायचं. ते नाझर, म्हणजे कोर्टाचा पैसाअडका आणि कारभार बघणारे, कधीच नव्हते. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. कुणी रस्त्यात "नमस्कार नाझरसाहेब" म्हटलं की ते थांबायचे, सायकलवरून उतरायचे आणि सांगायचे, "नाझर न्हाई. रेकॉर्डकीपर." समोरचा हसून निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाझरसाहेबच म्हणायचा. ते पुन्हा उतरायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा इथल्या एका पेपरानं 'निवृत्त नाझर' असंच छापलं. असते तर सकाळी सकाळी शुद्धिपत्र मागायला जाऊन उभे राहिले असते.

निजामाच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या फायली उर्दूत होत्या. त्या कुणाला वाचता यायच्या नाहीत, म्हणून तांबड्या फडक्यात बांधून मांडणीवर पडून असायच्या. काकांना न वाचता येणारा कागद सहन होत नसे. निजामी कोर्टात कारकुनी केलेल्या एका म्हाताऱ्या पेशकाराच्या ओसरीवर बसून त्यांनी दोन वर्षं उर्दू शिकून घेतली आणि पहिला बस्ता सोडला. त्यात एका बाईच्या खुनाचं निकालपत्र निघालं. आरोपीचं घराणं, आरोपीची जमीन, आरोपीची आधीची वागणूक, आरोपीच्या बाजूचे साक्षीदार, अशी पानंच्या पानं होती.

"आन् तिला किती?" ते मला पहिल्यांदा हे सांगत होते तेव्हा त्यांनी बोटं वर केली. "सव्वादोन ओळी. मी मोजल्या. मुसम्मात अमुक, जौजे तमुक, म्हंजी अमुक बाई, तमुकाची बायको, उमर अंदाजन वीस साल. बस! मेली कोण आन् पानं कुणाला!"

निवृत्त झाल्यावर त्यांनी रीतसर अर्ज करून, तिकीट लावून, एकेका जुन्या निकालाच्या नकला काढल्या. कोर्टातून एक कागदही त्यांनी तसा आणला नाही. ज्या रेकॉर्ड रूमची किल्ली तीस वर्षं त्यांच्या कमरेला होती, तिच्याच खिडकीसमोर ते रांगेत उभे राहायचे. नकलेवरून ते त्या बाईच्या गावाला जायचे आणि तिच्यावर पुस्तक लिहायचे. अशी सहा पुस्तकं त्यांनी लिहिली आणि सहाही मी टाईप केली. हे मी कुणी न विचारताही सांगते.

त्यांचे नियम ठरलेले होते. पुस्तकात मारणाऱ्याचं नाव येणार नाही. तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत 'आरोपी क्रमांक एक'. मरण एका ओळीत. आणि तिला काय खायला आवडायचं हे कळल्याशिवाय पुस्तक सुरू करायचं नाही. हा शेवटचा नियम मला फार त्रासाचा वाटायचा. एका पुस्तकापायी ते पावणेदोन वर्षं नुसते थांबले होते. मग एक दिवस दुकानात आले ते आनंदानं जवळजवळ ओरडतच. "शेंगदाण्याची ओली चटणी! भाकरीवर न्हाई, नुसती, बोटानं!" एक पक्षकार दचकून अर्जावर सही करायचा थांबला.

निकालपत्रावर त्यांचा फारसा भरोसा नव्हता. भरोसा सगळा मुद्देमालाच्या यादीवर. मेलेल्या बाईच्या अंगावर आणि आसपास जे सापडलं त्याची पोलिसांनी केलेली ती यादी. "साक्षीदार खोटं बोलतेत, वकील तर बोलतेतच. यादीला बोलता येत न्हाई, म्हणून ती बराबर असते," असं म्हणून ते यादी माझ्यासमोर ठेवायचे आणि विचारायचे, "सांग, कशी बाई असंल?" मला सुरुवातीला काहीच सांगता यायचं नाही. एका यादीत एका पायात तीन जोडवी आणि दुसऱ्या पायात दोन, असं होतं. वकिलांनी त्यावरून झटापट झाली, नाही झाली, असा वाद घातला होता. काकांनी त्या गावात सहा चकरा मारल्या. शेवटी एका म्हातारीकडून कळलं, की शेजारणीनं एक जोडवं मापासाठी सोनाराकडं न्यायला मागून नेलं होतं. खटल्याच्या दृष्टीनं त्याचा काडीचा उपयोग नव्हता. काकांनी त्यावर तीन पानं लिहिली. ती तीन पानं टाईप करताना मी रडले, आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं की डोळ्यात कचरा गेला.

काकूंचं मत वेगळं होतं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. चणीनं लहान आणि जिभेनं तिखट. मी घरी गेले की म्हणायच्या, "आमच्या घरात मेलेल्या बायाच लई झाल्या बाई. जिती एक हाय, तिला कुणी इचारीना." काका आतून ओरडायचे, "इचारतो ना! चहा टाकती का?"

पुस्तकं जालन्याच्या एका प्रेसमध्ये छापली जायची. प्रेसवाला भला माणूस, पण त्याला धंदा करायचा होता. पहिल्या पुस्तकाच्या वेळी तो म्हणाला, "काका, कव्हरवर लाल रंग मारू, एक चाकू टाकू. हातोहात जाईल." काका म्हणाले, "ती चाकूनं मेली न्हाई. आन् मेली असती तरी चाकू त्याचा राह्यला असता. तिच्या पुस्तकावर त्याचा चाकू कामून?" त्यानंतर प्रत्येक कव्हरवर त्या त्या बाईची यादीतली एखादी वस्तू आली. शाळेतल्या एका ड्रॉइंगच्या सरांकडून ते ती काढून घ्यायचे आणि सरांना चार-चार वेळा पुसायला लावायचे.

पुस्तकाची लांबीही ठरलेली. अंबडहून कुंभार पिंपळगावला एसटी पोचेपर्यंत वाचून झालं पाहिजे. "बायांना घरी वाचायला टाइम कोण देतो? गाडीत बसल्या की तेवढा टाइम त्यांचा." कापडी पिशवीत पुस्तकं घेऊन ते स्टँडवर उभे राहायचे आणि खिडकीत बसलेल्या बायकांना विचारायचे, "वाचता येतं का, माय?" येतं म्हटलं की पुस्तक खिडकीतून आत. मी कितीदा तरी म्हटलं, काका, असं कुणी पुस्तकं विकतं का. त्यांना ते विकणं वाटतच नव्हतं.

आता ज्या पुस्तकासाठी मी घागर उचलली त्याविषयी सांगते. ते सहावं आणि शेवटचं.

कुंभार पिंपळगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली ही बाई. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. कागदात नाव मुसम्मात रुक्मिण. सासरच्या मळ्यातल्या विहिरीत सापडली. नवऱ्याचं म्हणणं, पाणी आणायला गेली आणि पाय घसरला. कोर्टानं त्याला सोडलं. गावानं मात्र दुसरंच ठरवलं होतं. बाई चालीची बरी नव्हती, उघडं पडायची वेळ आली म्हणून तिनं स्वतःच उडी घेतली. सत्तर वर्षं ते तसंच बोललं जात होतं.

काका त्या गावात अकरा वेळा गेले. त्या गल्लीत त्या काळी नव्या नवरी म्हणून आलेल्या दोन म्हाताऱ्या जिवंत होत्या. त्यांच्याकडून रुक्मिण हळूहळू गोळा झाली. हुळा, म्हणजे हरभऱ्याचे घाटे आगटीत भाजून खायला तिला फार आवडायचे. हसू आलं की ती पदर दातात धरायची. विहीर घरापासून किती कदम होती तेही काकांनी चालून मोजलं, आणि भरल्या घागरीनं ते किती होतात हे बघायला मला कोर्टरोडवर चालवलं. खुनाचा छडा लावायचा म्हणून नव्हे. त्यांना फक्त एक वाक्य लिहायचं होतं, की ती दिवसाला आठ खेपा करायची आणि एका खेपेला इतके कदम पडायचे.

घागर उतरवून, मान चोळत मी मुद्देमालाची यादी टाईप करायला बसले. लुगडं एक, हिरवं. काचेच्या बांगड्या, तुटलेल्या. डोरलं एक. पितळी डबी एक, झाकण नसलेली. पुढं पंचनाम्यात लिहिलं होतं, की विहिरीत माणूस उतरवून तळ पाहिला, दुसरी चीजवस्तू मिळाली नाही. विहिरीच्या काठावरही काही नाही. मी टाईप करता करता थांबले.

"काका, घागर कुठंय?"

"काय?"

"नवरा म्हणतो, पाणी आणायला गेली. घागर नाही, पोहरा नाही, दोर नाही. विहिरीत नाही, वरही नाही. मग पाणी कशात आणणार होती?"

काकांनी यादी हातात घेतली. इतक्या वर्षांत त्यांनी ती शंभर वेळा वाचली असेल. ओळीओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग उठून, मी त्यांच्या नातीच्या वयाची असूनही मला हात जोडले. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी उगाच प्रिंटरचा कागद नीट करत बसले. पण खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

ही कुणकुण बाहेर गेली आणि आरोपी क्रमांक एकचा, म्हणजे त्या नवऱ्याचा, नातू दुकानात आला. त्याचे ऊस वाहायचे ट्रॅक्टर आहेत, अंकुशनगरकडं जाताना दिसतात. बोलण्यात माणूस वाईट नाही, पण तेव्हा तापलेला होता.

"आमचा आजा कोर्टातून सुटल्ता. तुम्ही त्याला खुनी म्हणून राह्यले?"

"बिलकुल न्हाई," काका म्हणाले. "सुटला. मीबी तेच लिहिलंय. पान बावन्न."

"मंग त्याचं नाव कामून टाकून राह्यले?"

"नाव कुठंय? दाखव. तुझ्या आज्याचं नाव माझ्या पुस्तकात एकदाबी न्हाई. मला त्याचं काही काम पडलं न्हाई."

नातू गोंधळला. आज्याचं नाव आलं म्हणून भांडायला आलेला माणूस, ते आलं नाही हे कळल्यावर आणखीच दुखावला. "मंग तुमचं म्हणणं तरी काय हे?"

"म्हणणं काही न्हाई. मी फक्त इचारून राह्यलो, दोर कुठंय?"

नातू उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. मग पाणी मागितलं, प्यायला आणि निघून गेला. पुन्हा आला नाही.

पुस्तक छापून आलं. कव्हरवर बिनझाकणाची पितळी डबी, वर ठसठशीत अक्षरात 'रुक्मिण'. तीनशे प्रतींपैकी शंभरेक स्टँडवरच गेल्या. काका खूश होते. मीही होते. दीड महिन्यानं सकाळी दुकान उघडून मी केर काढत होते, तर एक म्हातारी आणि तिची सून पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. म्हातारी ऐंशीच्या पुढची, वाळलेली, पण उभी ताठ. सुनेच्या हातात आमचं पुस्तक.

"ह्ये पुस्तक लिव्हणारा कोन हाय?"

काका नेहमीप्रमाणे बाकावर पेपर वाचत होते. ते उठले. "मी, माय."

"म्या तिची भैन."

काकांनी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. सून सांगायला लागली, की तिनं पुस्तक गाडीत घेतलं होतं, आत्याबाईंना, म्हणजे सासूला, वाचता येत नाही, पण कव्हरवरचं चित्र बघून त्या एकदम म्हणाल्या, ही आमची डबी आहे. मग सुनेनं सगळं वाचून दाखवलं. म्हातारीनं कमरेची चंची सोडली आणि त्यातून एक छोटं, घासून घासून पातळ झालेलं पितळी झाकण काढून टेबलावर ठेवलं.

"पंचमीला आल्ती म्हायेराला. मेणाची डबी व्हती, कुकवाखाली लावायाची. म्या झाकन लपिवलं. म्हनलं, झाकन न्यायाला तरी पुन्हा येशील. आली न्हाई."

काकांनी झाकण उचलून कव्हरवरच्या डबीशेजारी धरलं.

"समदं बराबर लिव्हलंय तुमी," म्हातारी म्हणाली. "हुळ्याचं बराबर, पदराचं बराबर. दोराचं बी बराबर. मंग नाव कामून चुकिवलं?"

"नाव?" काका म्हणाले. "कागदात तर रुक्मिणच हाय, माय. सासरी सगळे रुक्मिणच म्हणले."

"सासरचे म्हन्तीलच की. लग्नात त्यायनी तांदळात लिव्हलं, त्यानं अंगठीनं गिरवलं, झाली रुक्मिन. तिकडं नांदली साडेतीन वर्सं. आमच्या घरी सतरा वर्सं गोजर व्हती. बापानं मागून घरात नावच घ्यू दिलं न्हाई, इज्जत गेली म्हनून. म्या सत्तर वर्सं वाट पाहिली, कुनीतरी गोजर म्हनंल." तिनं पुस्तकावर बोट ठेवलं. "आन् तुमी? ज्यानं मारली, त्यानंच ठिवलेलं नाव वर टाकलं."

काका खाली बसले.

मारणाऱ्याचं नाव पुस्तकात येऊ द्यायचं नाही, एवढी एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर सांभाळली होती. आणि मारणाऱ्यानं दिलेलं नाव त्यांनी कव्हरवर छापलं होतं. लग्नात नाव बदलतात हे त्यांना काय माहीत नव्हतं? मला माहीत नव्हतं? आमच्या घराघरात तांदळाच्या ताटात नावं लिहिली गेली आहेत. इतकं अंगवळणी पडलेलं, की अकरा चकरांमध्ये त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि मी दोर शोधला पण हे मलाही सुचलं नाही. मला अजूनही त्याचा राग येतो, स्वतःचाच.

चार दिवस काका दुकानात आले नाहीत. पाचव्या दिवशी मी घरी गेले. ते ओसरीवर बसलेले. म्हणाले, "काकूचं माहेरचं नाव तुला ठाऊक हाय का?" मी नाही म्हटलं. "मलाबी आठवायला टाइम लागला," ते म्हणाले. "तांदळात मीच लिहिल्तं तिचं नवं. अक्षर लई चांगलं आल्तं म्हणून खूश झाल्तो."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात हजर. "पुस्तक पुन्हा करायचं. जुन्या सगळ्या प्रती परत आणायच्या."

मी म्हटलं, काळजी करू नका. कंप्युटरमध्ये एक नाव काढून दुसरं घालायला पापणी लवायचाही वेळ लागत नाही. मी बटण दाबणार तोच त्यांनी माझा हात धरला. "असं न्हाई. एकेक जागा बघू. त्या जागी तिला कोण हाक मारून राह्यलं, ते बघू."

आणि आम्ही एकेक जागा बघायला बसलो. एकशे बारा ठिकाणी नाव होतं. सासू हाक मारते तिथं रुक्मिणच राहिली. पंचनाम्यात रुक्मिणच राहिली, "कागदात हाय ते हाय, कागद बदलायचा आपल्याला हक न्हाई." माहेरच्या वाटेवर गोजर. भरल्या घागरीनं चालते तिथं काका अडले. "एकटी असती तव्हा ती स्वतःला काय म्हणत असंल?"

मी म्हटलं, "काका, माझंही लग्नात बदललंय. पण मी स्वतःशी भांडते ना, ते जुन्याच नावानं भांडते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "लिही गोजर."

या चालीनं वर्ष लागलं असतं. पण तिसऱ्या दिवशी त्या सुनेचा फोन आला. आत्याबाईंनी अंथरूण धरलं आहे, डॉक्टर काही बोलत नाहीत, आणि त्या रोज विचारतात, छापून झालं का. "काकांना म्हणावं, जल्दी करा." मग मी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं, वकिलांना दुसरीकडं जायला सांगितलं, आणि आम्ही पाच दिवसांत पुस्तक संपवलं. विहिरीच्या एका ओळीला त्यांनी आख्खी सकाळ घेतली. 'विहिरीत रुक्मिण सापडली' असं होतं. ते लिहीत, खोडत, उठून फेऱ्या मारत. शेवटी तिथं गोजर आलं. प्रेसवाल्यानं बाकीची कामं बाजूला ठेवून छापलं. कव्हरवर डबी तीच, बिनझाकणाची. मी विचारलं, आता झाकण काढायचं का चित्रात? काका म्हणाले, "झाकण बहिणीपाशी हाय. चित्रात कुठून येईल?"

नंतर महिनाभर हे गृहस्थ अंबडच्या स्टँडवर गळ्यात पाटी अडकवून उभे होते. 'रुक्मिणचं पुस्तक परत द्या, गोजरचं घेऊन जा.' लोक हसले. एकानं व्हिडिओ काढला. एक बाई म्हणाली, राहू द्या ना काका, दोन्ही ठेवते. "चुकीचं नाव घरात ठेवू नको, माय," असं म्हणून त्यांनी तिच्या हातातून ओढूनच घेतलं. गावोगाव जाऊन, ओसऱ्यांवर बसून, चहा पिऊन त्यांनी नव्वदच्या वर प्रती परत आणल्या. मी पुष्कळ शिकलेली, मोठमोठी माणसं चुका करताना पाहिली आहेत. चूक गळ्यात अडकवून स्टँडवर उभा राहिलेला मी एवढा एकच माणूस पाहिला, आणि त्याच्यासाठी मी टायपिंग करत होते.

पण पहिली प्रत छापून आली त्या दिवशी मात्र पाटीबिटी काही नव्हती. प्रेसमधून पुस्तक हातात पडलं, शाई नीट वाळली नव्हती, आणि आम्ही तसेच एसटीनं कुंभार पिंपळगावला आणि तिथून रिक्षानं तिच्या वस्तीवर गेलो. दुपारची वेळ होती. म्हातारी खाटेवर पडलेली, डोळे मिटलेले. सुनेनं कानाशी सांगितलं, पुस्तकवाले आलेत. तिनं डोळे उघडले आणि उठून बसायचा हट्ट धरला. सुनेनं पाठीशी उशी लावली.

काकांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं कव्हरवरून बोट फिरवलं. "कुठं हाय?" काकांनी तिचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ते बोट तिनं उचललं नाही.

"वाचा," ती म्हणाली.

सहा पुस्तकं लिहिलेल्या या माणसानं कधी कुणाला एक ओळ वाचून दाखवली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिली ओळ वाचली. "गोजर ही घरातली थोरली लेक, आणि हुळा भाजला की पहिला घाटा तिचा."

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा वाचली.

"जोरानं वाचा. भाईर ऐकू जाऊ द्या."

काका उभे राहिले. कोर्टात पुकारा करतात तशा खणखणीत आवाजात त्यांनी तिसऱ्यांदा वाचली. दारात शेजारच्या दोन बायका येऊन थांबल्या. म्हातारी समोर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मग तिनं पदर दातात धरला. ती हसत होती.

काकांनी पान उलटलं. "पुढं वाचू का, माय?"

"नगा," ती म्हणाली. "पुढलं मला पाठ हाय. येवढंच कुनी म्हनत न्हवतं."